म्हसोबाच्या आरात इटलीची भाकर

माघातल्या पहिल्या रविवारी मळ्यातल्या म्हसोबाला रोडगे, ही पुंजाजींच्या घरची रीत. तूर घरात येऊन पडलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो, उन्हाला अजून दात फुटलेले नसतात. अशा बेताच्या दिवशी डोणगावातल्या घराला कुलूप लागायचं आणि सगळं बिऱ्हाड मळ्यात उतरायचं. यंदा मात्र म्हसोबाच्या बरोबरीने वाट पाहिली जात होती ती खामगावहून येणाऱ्या एका जीपची.

जयमाला कडुलिंबाखाली पोळपाट घेऊन पाऱ्या लाटत होती. लहान पारी, तिच्यावर जराशी मोठी, तिच्यावर आणखी मोठी, अशा एकीच्या पोटात एक मिटवत रोडगा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे आरात, पुरायचा. लाटणारे हात घरात बरेच होते, पण आर ओळखणारा हात एकच. पंचवीस वर्षांत जयमालाचा रोडगा कच्चा निघाला नव्हता की करपला नव्हता. थोरल्या सुनेचं भाऊबंदात नाव होतं ते एवढंच. साऱ्या जगाच्या स्वयंपाकाचं नाव होतं धाकटीचं, प्रतीक्षाचं.

"आज कोनत्या देशाचं जेवन हाय?" पुंजाजींनी खाटेवरून विचारलं. सासऱ्यांचा हा प्रश्न आता रोजचा झाला होता.

"इटलीचं, मामाजी," प्रतीक्षा म्हणाली. कडेवरच्या दोन वर्षांच्या पूनमला ती हरभऱ्याचे घाटे सोलून देत होती.

"अन् म्हसोबाले?"

"म्हसोबाले आपलेच रोडगे."

"मंग ठीक. त्याले इटली झेपनार नाई. म्हातारा झाला तो."

जयमाला खाली मान घालून हसली. तिच्यापासून चार हातांवर, उन्हाच्या कवडशात, ओल्या फडक्याखाली एक मोठी परात झाकून ठेवली होती. तिचं लक्ष पाऱ्यांवर कमी आणि त्या परातीवर जास्त होतं. पहाटे पाचला, घर उठायच्या आत, तिनेच त्यातली इटलीच्या भाकरीची कणीक भिजवली होती.

ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी प्रतीक्षा बाळंतीण झाली आणि तिचं अन्नावरचं मनच उडालं. डिंकाचा लाडू नको, मेथी नको, बाजरी नको. एका दुपारी डोळे पुसत म्हणाली, "पुन्याले होस्टेलात असताना लसनाचा पाव खायची मी. तेवढा भेटला असता तं." त्या दुपारी सगळे शेतात गेल्यावर जयमालाने प्रतीक्षाच्या रुखवतातला ओव्हन पोत्याखालून काढला. एका हातात फोन, मांडीवर तान्ही पूनम. पहिला पाव विटेसारखा निघाला. दुसरा बरा. तिसरा प्रतीक्षाने बोटं चाटत संपवला आणि त्यानंतर कितीतरी दिवसांनी ती पोटभर झोपली.

पण मग जयमालालाच भूक लागली, आणि ती पोटाची नव्हती. भर दुपारी, जगाला डुलकी लागलेली असताना, तिच्या हातून जपानचा दुधातला मऊ पाव झाला. ज्वारीच्या पातळ पापडीत मेक्सिकोची राजम्याची उसळ झाली. मळ्यातल्या कोबीचं कोरियाचं लोणचं मुरलं. इटलीची जाड भाकर, फोकाशिया, तिने करडईच्या तेलात बसवली, वरून लसूण आणि शेतातले टमाटे. प्रतीक्षा फोटो काढायची, फोनवर टाकायची. हळूहळू मेहकरहून विचारणा येऊ लागली. आता असलं करणार कोण? शिकलेली, ओव्हनवाली, पुणं पाहिलेली धाकटी सूनच. लोकांनी ठरवून टाकलं आणि जयमालाने ठरवू दिलं.

ठरवू दिलं, कारण तिला रेती आठवत होती. नवी नवरी असताना तिने एकदा कुकरच्या तळाशी रेती घालून केक केला होता. देऊळगाव राजाची आत्येसासू, पुंजाजींची बहीण जनकाबाई, तेव्हा पाहुणी आली होती. कुकरात डोकावून तिने जी हसायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. "व बाई, सून केक करते का भट्टीत चने भाजते?" वर्षभर साऱ्या भाऊबंदात जयमालाचं नाव 'रेतीवाली' पडलं. तिने पुन्हा म्हणून नाव लागेल असं काही केलं नाही.

आणि आता ही जीप येत होती. प्रतीक्षाचे वडील इंद्रभानजी खामगावचे सरकीचे व्यापारी. तिथली एक बेकरी बंद होत होती. तिची चार ट्रेची गॅसची भट्टी त्यांनी पोरीसाठी पाहून ठेवली होती. रविवारी येतो, पोरीच्या हातची इटलीची भाकर खातो, तुमची रस्त्यावरची खोली पाहतो, असा त्यांचा निरोप होता. खोलीवरून घरात दोन तट पडले होते. सासूबाई रुखमाबाई आणि प्रतीक्षाचा नवरा, धाकटा सागर, भट्टीच्या बाजूने. जयमालाचा नवरा राजकुमार ठिबकच्या नळ्यांच्या बाजूने. त्याच्या नळ्या त्या खोलीत तीन वर्षं नांदत होत्या. पुंजाजी ज्याच्या हातचा चहा येईल त्याच्या बाजूने.

जयमालाला कोणी विचारलं नव्हतं. भट्टी आली की मोठं दुकान होईल, दहा माणसं पाहतील. भर दुपारची चोरी तिथे चालणार नाही. मग एक तर प्रतीक्षा उघडी पडेल, नाही तर जयमालाचा हात कायमचा पाऱ्या लाटायला मोकळा होईल.

सकाळी गाडीत ओव्हन आणि बाकीचं सामान भरताना प्रतीक्षाने तिचा पदर धरला होता. "ताई, आज तरी सांगू द्या ना मले. बाबा माह्या नावानं भट्टी घेऊन राह्यले. मले तं कनीक धड तिंबता येत नाई."

"तुले शोभते ते. तू शिकलेली हाय."

"मी शिकली ते कॉम्प्युटर. पाव तुमी शिकल्या."

"आत्याबाई येऊन राह्यल्या आज," जयमाला एवढंच म्हणाली आणि परात उचलून गाडीत ठेवली.

जनकाबाई पहिल्या एसटीने आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रिकामं बसणं हा त्यांच्या लेखी आजार. जयमाला आर पाहायला बांधाकडे गेली, प्रतीक्षा पूनमला घेऊन विहिरीकडे, रुखमाबाई वांगी चिरण्यात. जनकाबाईंनी फिरत फिरत परातीवरचं फडकं उचललं. कणीक काठाच्या वर आलेली, अंगभर बुडबुडे, आंबूस वास.

धाकटीने रोडग्यांची कणीक रात्रीच भिजवली आणि ती उतरली, असं त्यांना वाटलं. आता बाप दारात येणार आणि पोरीची शोभा होणार. जनकाबाईंना ही पोर मनापासून आवडायची. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, रोडग्याच्या जाड्या पिठाची पायली उचलून परातीत ओतली, ओवा टाकला, तेलाचं मोहन टाकलं, बांगड्या मागे सारल्या आणि त्या फुगलेल्या कणकेला बुक्क्या मारून मारून अशी ताळ्यावर आणली की आत वाऱ्याचं नाव उरलं नाही.

जयमाला परतली तेव्हा जनकाबाई हात धूत होत्या. परातीत दगडी पाट्यासारखा एक घट्ट, पिवळसर, दुपटीने मोठा गोळा बसला होता.

"झाकून टाकली म्या," जनकाबाई परातीवर फडकं ओढत कुजबुजल्या. "कोनाले सांगू नको. पोर हाय, होते चूक."

जयमालाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बांधावर जीपचा हॉर्न वाजला.

इंद्रभानजी उतरले ते एकटे नाहीत. ड्रायव्हरच्या मदतीने त्यांनी मागून एक लांबरुंद प्लायवूडची फळी काढली आणि कडुलिंबाला टेकवली. लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रतीक्षा बेकर्स, डोणगाव'. रंगाचा वास अजून येत होता.

"पेंटर दोस्त हाय," इंद्रभानजी खुशीत म्हणाले. "म्हटलं, शुभकामाले उशीर काऊन?"

"व्याहीबुवा, खोली ठरली नाई अजून," राजकुमार म्हणाला.

"खोलीचं होते हो. पोटाचं पाहू पयले. प्रतीक्षा, आन तुही ती भाकर."

प्रतीक्षाने फडकं काढलं आणि तिचा चेहरा त्या फडक्यासारखाच पांढरा झाला.

पुढची पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकलं नाही. रुखमाबाई नणंदेवर उखडल्या. "तुमाले इचारता नाई आलं? इटलीची कनीक होती ते!"

"इटलीची असो का अकोल्याची. आंबली होती ते. म्या तं पोरीची इज्जत वाचवली."

"ते आंबूच द्याची असते, आत्या," सागर कपाळाला हात लावून म्हणाला.

"हाव का? मंग घरात शिळं खाऊन राह्यले तुमी दोन वर्षांपासून?"

पुंजाजी खाटेवर हसून हसून आडवे झाले. राजकुमारने हात झटकले. "चला. नळ्या राह्यल्या खोलीत."

इंद्रभानजी मात्र शांत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "घाबरू नको. कारागीर तोच, ज्याले बिघडलेलं दुरुस्त करता येते. बोल, काय करतं आता?"

प्रतीक्षा परातीशी बसली. तिने गोळ्यावर अख्खा तळहात ठेवला, पोळ्यांची कणीक मुरली का ते पाहतात तसा. जयमालाला ते पाहवलं नाही. असं नव्हे. बोटाचं टोक खुपसायचं आणि वाट पाहायची. खड्डा हळूहळू भरून आला तर जीव आहे.

प्रतीक्षाने वर पाहिलं. वडिलांकडे नाही, जयमालाकडे. त्या नजरेत मदत मागणं नव्हतं. 'तुमी म्हनाल तं मी गप्प बसते, माहं हसू झालं तरी चालते,' असं काहीतरी होतं. बाळंतपणात रात्र रात्र उशाशी बसलेल्या जावेला तेवढं वाचता येत होतं.

जनकाबाई बाजूलाच उभ्या होत्या, कंबरेवर हात ठेवून. रेती पुन्हा जयमालाच्या पायाखाली सरकली. सरकली आणि थांबली. ती उठली, परातीशी गेली आणि तर्जनीचं टोक गोळ्यात खुपसलं.

सगळे बघत राहिले. खड्डा तसाच राहिला. मग अगदी सावकाश, झोपेतल्या लेकराने कूस बदलावी तसा, तळातून वर आला.

"मेली नाई," जयमाला म्हणाली.

"कोन?" पुंजाजी उठून बसले.

"कनीक, मामाजी. दमली हाय फक्त. प्रतीक्षा, गरम दूध आन, बोट बुडवता आलं पायजे असं. सागर भाऊजी, साखर. आई, ती जुनी गोधडी द्या इकडं." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "अन् हे ओव्हनात मावत नाई आता. आत्याबाईनं एवढी वाढवली की सात खेपा लागतीन. आरातच भाजू."

"इटलीची भाकर? शेनाच्या आरात?" इंद्रभानजी म्हणाले.

"इटलीत काय पयल्यापासून गॅस होता का?"

पुंजाजींनी मांडीवर थाप मारली. जयमाला गुडघे टेकून कणकेला लागली. कोमट दूध थोडं थोडं जिरवत, दुमडत, वळवत, पुन्हा दुमडत. मनगटं कशी फिरतात ते पाहणाऱ्याला काही सांगायची गरज नव्हती. गोळा सैल पडला, लकाकला, हाताला चिकटून सुटू लागला. तिने त्याला गोधडीत गुंडाळलं आणि आराच्या उबेला, हातभर अंतरावर ठेवलं.

"बाबा," प्रतीक्षाने तोंड उघडलं, "भट्टी तुमी माह्या नावानं आनली, पन हात माहा नाई. पयल्या पावापासून ताईचा हाय. म्या फक्त फोटो काढले."

इंद्रभानजींनी फळीकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा फळीकडे. "तरीच," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी तू मॅगी करपवली होती."

हसू फुटलं, पण रुखमाबाईंच्या तोंडावर ते आलं नाही. त्या विळी बाजूला सारून जयमालाजवळ येऊन बसल्या.

"दोन वरीस," त्या हळू म्हणाल्या. "तो जपानचा पाव चहात बुडवून खाताना म्या रोज लहानीचं कौतुक केलं. तुह्या तोंडावर केलं. थोरलीचा हात रोडग्यापुरताच, असं बी म्हनली एकदा. अन् तू वाढत राह्यली?"

"तुमी दोन दोन खायच्या ना, आई. मले तेच पुरत होतं."

"पुरत होतं म्हने." रुखमाबाईंनी तिच्या कपाळावरचं पीठ पदराने पुसलं, जरा जोरातच. "पुन्हा असं केलं तं बोलनार नाई मी तुह्यासंगं."

राजकुमार दूर बांधावर पायाने ढेकूळ फोडत होता. जयमाला पळसाची पानं आणायच्या निमित्ताने त्याच्याकडे गेली. "तुमाले राग आला?"

"कायचा?"

"लपवलं मी."

"तू लपवलं?" तो ढेकळाकडे पाहतच म्हणाला. "मेहकरहून मैद्याचं पोतं कोन आनते? दर गुरुवारी तुह्या भुवयाले पीठ असते. आंधळा हाव का मी?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हनून थांबलो." मग ढेकूळ पायाने उडवून, "नळ्याचं शेड टाकतो मागं. खोलीत तसाबी उंदरांचा सुळसुळाट हाय."

दीड तासाने गोधडी उघडली तेव्हा पूनमने टाळ्या वाजवल्या. कणीक पुन्हा फुगली होती, सकाळच्याइतकी नाही, पण ऐटीत. जयमालाने तिचे चार जाडसर गोल थापले, बोटांनी खळगे पाडले, खळग्यांत करडईचं तेल, ठेचलेला लसूण, टमाट्याच्या फोडी. आरावर तळहात धरला आणि मनात मोजलं. रोडग्याला पाचपर्यंत हात टिकावा लागतो. हिला सात हवेत. तिने काठीने निखारे पसरले, राख भुरभुरली, पुन्हा हात धरला. सात.

"उचलून ठेवाले काई सपाट पायजे," ती म्हणाली. "लांब. हात भाजतीन."

सगळ्यांनी शोधलं. ताटं लहान, घमेली खोलगट. पुंजाजींनी खाटेवरून बोट दाखवलं. "ते काय झाडाले टेकलं हाय?"

इंद्रभानजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण उठले तेच. नवी कोरी फळी त्यांनी स्वतः पालथी केली. मागची बाजू स्वच्छ, बिनरंगाची होती. जयमालाने तिच्यावर पीठ भुरभुरलं. पळसाच्या पानांवरचे चार गोल फळीवरून आरात सरकले. वर लोखंडी घमेली पालथी, घमेल्यांवर निखारे.

मग वास आला. आधी लसणाचा, मग ओव्याचा, मग त्या दोन्हींच्या खालून एक गोडसर, भाजलेला, पोटात हात घालणारा वास. शेजारच्या मळ्यातून कोणीतरी विचारलं, "काय शिजून राह्यलं बे, सागर?"

"इटली," सागर ओरडला.

घमेली उचलली तेव्हा भाकरी सोनेरी होत्या, कडांना खरपूस, मध्ये टमाटे फुगून फुटलेले. जाड्या पिठाने वरचं कवच असं आलं होतं जे मैद्याच्या फोकाशियाला कधी आलं नव्हतं. जयमालाने एक तुकडा तोडून चाखला आणि क्षणभर सगळं विसरली. चूक झाली होती, आणि चुकीने चव दिली होती. पुढच्या वेळी अर्धी पायली जाडं पीठ, तिने मनात टिपून ठेवलं. ओवाही.

"नैवेद्य?" रुखमाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "रोडग्यांसंगं हे ठेवाचं का?"

पुंजाजींनी विचार केला. "आपल्या आरात भाजलं ते आपल्या म्हसोबाचं. ठेवा. झेपलं नाई तं आपन हाओतच."

जेवणं कडुलिंबाखाली झाली. रोडगे तुपात कुस्करून, वांग्याची भाजी, वरण, आणि मधोमध इटली. जनकाबाई पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी पहिला तुकडा चावला, दुसरा चावला, तिसऱ्याला त्यांचे हात थांबले.

"जयमाला."

"बोला, आत्याबाई."

"तो रेतीतला केक."

जयमालाच्या हातातली तुपाची वाटी थांबली.

"तव्हा म्या लई हासली होती. सगळ्याले हासवलं." जनकाबाई ताटाकडे पाहत होत्या. "पन तुमी सगळे निजल्यावर कुकर उघडून खाल्ला होता म्याच. अर्धा. दुसऱ्या दिवशी मांजरीचं नाव घेतलं."

"त्या मांजरीले म्या झाडूनं मारलं होतं," रुखमाबाई म्हणाल्या.

"हाव. तिचं पाप बी माह्यावरच हाय."

पहिली हसली ती जयमाला. इतकी हसली की वाटी खाली ठेवावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं होतं हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. मग तिने चौथ्या भाकरीचा सगळ्यात खरपूस काठ तोडला आणि जनकाबाईंच्या ताटात ठेवला.

उन्हं कलली तशी आवराआवर झाली. इंद्रभानजी जीपपाशी उभे राहून व्याह्यांना सांगत होते, भट्टी बुधवारी येईल, फोनवर बोलायचं काम प्रतीक्षाचं, कणकेशी बोलायचं थोरलीचं, आणि पहिली भाकर दर वेळी खामगावला. फळी नेतो, पेंटरकडून नाव बदलून आणतो, असं म्हणत त्यांनी ती उचलली आणि हातातच धरून राहिले.

कोऱ्या बाजूवर गरम भाकरी काढून ठेवल्या होत्या. तिथे चार गोल डाग उमटले होते, तपकिरी, कडेला जरा गडद, मध्ये बोटांच्या खळग्यांएवढे तेलाचे ठिपके.

"हे तं गेलं," ते म्हणाले. "घासून निघनार नाई."

प्रतीक्षाने फळी त्यांच्या हातातून घेतली आणि डागांची बाजू बाहेर करून गाडीत, भांड्यांवर उभी केली. "घासू नका, बाबा. अशीच टांगू."

"अन् नाव?"

तिने जावेकडे पाहिलं. जयमाला पूनमच्या तोंडाचा टमाटा पुसत होती. तिने एकदा त्या चार डागांकडे पाहिलं, स्वतःच्या हातचं अक्षर ओळखावं तसं, आणि म्हणाली, "राहू द्या. वाचता येते लोकाले."